भेवाचं पाणी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला, तो भाड्याचा नव्हता. एकटीच राहणार का, माहेर कुठलं, लग्न का नाही झालं अजून, यातलाही नव्हता. हातातल्या तांब्याच्या तारेवरची नजर न काढता ते म्हणाले, "सिस्टर, तुमाला कशाचं भेव वाटतं?"

मी तेव्हा सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावाजवळच्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. ऊन मी म्हणत होतं, ती दिवसातली चौथी खोली होती आणि आधीच्या तिघांनी एकटी बाई म्हणून मला दारातूनच परत पाठवलं होतं. डोकं आधीच फिरलेलं. मी म्हटलं, "कशाचंच नाही. खोली दाखवता का जाऊ?"

"कशाचंच न्हाई?" आता त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं पाहिलं. "मंग तर लई अवघड हाय." आणि शेजारची वही ओढून तिच्यात काहीतरी लिहिलं. वर्षभरानं ती वही माझ्या हाती लागली. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, 'खोटं बोलतात. खोली द्यावी.'

घरमालकांचं, म्हणजे काकांचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तार वेढे मोजून भरायची. खाली दुकान, मागं त्यांचं घर, वर माझी खोली. वार्निशचा वास माझ्या पांढऱ्या कोटाला असा लागला होता की पेशंट विचारायचे, सिस्टर, घरात रंगकाम काढलं का? वहीच्या पुढच्या बाजूनं कुणाच्या मोटारीला किती वेढे, कोणती तार, हे लिहिलेलं. वही उलटी केली की मागच्या बाजूनं भेव. मोटार घेऊन आलेल्या माणसाला चहा पाजायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि हळूच विचारायचं. साप, वाघ असं कुणी सांगत नसे. पुसेगावच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, 'पोराचा फोन येतो आन् पोरगा बोलतच न्हाई, तवा.' एका पोलिसानं सांगितलं होतं, पाल. माझ्याकडं येणारी माणसं कुठं दुखतंय हे सांगायला अर्धा तास घेत आणि या माणसाला मनातलं भेव चहाच्या एका कपात सांगून जात, याचा मला सुरुवातीला राग यायचा. खरंच यायचा.

ही वही कशासाठी, ते मला पहिल्या रविवारी कळलं. दुपारी दोनला खालून शटर ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, भर दुपारी दुकान बंद? खाली गेले तर आत अंधार, मध्ये टेबल, त्यावर स्टीलचा एक भरलेला गिलास, आणि टेबलाभोवती माणसं. शेजारचे वेल्डिंगवाले रफीकभाई, गावचे ग्रामसेवक, आणि जरा बाजूला पोत्यावर बसून शेंगा सोलणाऱ्या काकू.

"बसा सिस्टर," काका म्हणाले. "एक मानूस कमीच व्हतं."

त्यांची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. एका दिवाळीला ती एक डबा घेऊन आली होती. त्यात इंग्रजी पुस्तक, वीस तोंडांचा फासा आणि चित्रांचे कागद. भीतीच्या गोष्टीचा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. गोष्ट सांगणारा म्हणतो, समोर दार आहे, आतून आवाज येतोय, तुम्ही काय करता? तुम्ही जे कराल तशी गोष्ट पुढं जाते. कुणाला काही अवघड करायचं असलं की फासा टाकायचा. गोष्ट सांगणाऱ्याला म्हणे गेम मास्टर म्हणतात. "सातवी नापासला मास्टर म्हनती पोरगी," हे काका दर रविवारी एकदा तरी सांगायचे, आणि दर वेळी तेवढेच खूश व्हायचे.

पुस्तक त्यांनी वाचलंच नाही. गोष्टी रचायचे त्या वहीतल्या भेवांवरून. फासा वार्निशच्या ड्रममध्ये पडला तो पडलाच. त्याच्या जागी त्यांनी चिंचोके फोडून आणले. पाच फाका टाकायच्या, पांढरी बाजू जास्त पडली तर निभावलं, काळी जास्त पडली तर काका नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"नं माझ्या अंगावर काटा यायचा. एवढी बाळंतपणं केलेली बाई मी, आणि चिंचोक्यांना घाबरायचे.

दुपारीच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "रातच्याला कुनीबी घाबरतं. त्यात काय कसब? दुपारी दोनला, बाहेर जीपवाला सेनगाव-हिंगोली वरडून राहिला, तवा मानसाच्या पाठीतून गार गेलं पायजे."

आणि जायचं. वाडा नाही, स्मशान नाही, पांढरी साडी नाही. 'भूत' हा शब्द जो उच्चारेल त्याला पाच मिनिटं बाहेर उन्हात उभं राहावं लागे. ग्रामसेवक साहेब दोनदा उभे राहिले, कपाळाचा घाम पुसत, जाणाऱ्या-येणाऱ्याचा नमस्कार घेत. काकांकडं होता फक्त आवाज. खालच्या पट्टीतला, घोगऱ्याच्या जरा अलीकडचा, सावकाश. आणि एक पत्र्याची पेटी, तिच्यात बेअरिंगच्या गोळ्या, सायकलची चेन, पत्र्याचा तुकडा. माझ्या पहिल्या खेळाची सुरुवात मला अजून पाठ आहे.

"तुमी तिघं शेतात हाव. दुपार हाय. गावात सकाळधरनं लाईट न्हाई." मग थांबले. किती वेळ थांबले देव जाणे. "आन् विहिरीवरची मोटार चालू हाय."

बस. एवढंच. पेटीतली एक गोळी पत्र्यावर सोडली, ती घरंगळत गेली. "बरं. मंग तुमी काय करता?"

रफीकभाई पुटपुटले, "नक्को रे बाबा, मैं घर कू जातूं." काका म्हणाले, "जा. पाठीमागून मोटारीचा आवाज येऊन राहिला. तुमी जितके लांब जाता, तितका तो जवळून येतो."

मी तिथंच टेबलाला घट्ट धरून बसले. आणि बाजूनं काकूंचा आवाज आला, शेंगेचं टरफल फोडत, "मांजर आसंल."

काकूंचं हे ठरलेलं. नवऱ्यानं बांधत बांधत आणलेली भीती त्या दोन शब्दांत पाडायच्या. माळ्यावर पावलं वाजली, मांजर आसंल. विहिरीतून कुणी नावानं हाक मारली, मांजर आसंल. एकदा बंद ट्रंक आतून कुणी तरी ठोठावत होतं, तेव्हा तर काकूंनी मांजराला पिल्लंही झाली असतील म्हणून सांगितलं. काका कपाळावर हात मारायचे. "तीस वर्सं झाली, हिला एकदाबी घाबरवता आलं न्हाई मला," असं म्हणताना त्यांच्या आवाजात तक्रार असायची आणि अभिमानही असायचा.

टेबलावरच्या त्या गिलासाचं सांगायचं राहिलं. तो पाण्याचा गिलास म्हणजे काकांचा सगळ्यात कडक नियम. खेळात कुणाला सोसेना झालं, की त्यानं काही न बोलता तो उचलून पाणी प्यायचं. पाणी पिलं की खेळ थांबला. गोष्ट त्या दारातून परत फिरायची आणि दुसऱ्या वाटेनं जायची. काका स्वतः उठून गिलास पुन्हा भरून ठेवायचे. "आन् काहून पिलं, ते कुनी इचारायचं न्हाई. खेळात न्हाई, घरी जाऊन न्हाई, मेल्यावर न्हाई." घाबरलेल्या माणसाला आपण पाणी देतोच की. त्यांनी फक्त ते आधीच भरून ठेवलं होतं.

आता या नियमाची गंमत अशी की आपल्याकडचा उन्हाळा. एकदा मे महिन्यात ग्रामसेवक साहेब कुठलासा पंचनामा करून थेट आले. तिकडं गोष्टीत आम्ही चाळीस मिनिटं रांगत रांगत एका बंद गोडाऊनच्या दारापर्यंत पोचलो होतो, रफीकभाईंचा हात कडीवर होता, काकांनी श्वाससुद्धा रोखला होता, आणि साहेबांनी गिलास उचलून गटागट रिकामा केला. वर मिशा पुसून "हां, मग?" म्हणाले.

खेळ खल्लास. नियम तो नियम. रफीकभाई मात्र रडकुंडीला आले, "साहब, डर के पिए क्या प्यास से पिए, इतना तो बोलो!" तर काका त्यांच्यावरच डाफरले, "इचारायचं न्हाई म्हनलं ना!" त्या गोडाऊनमध्ये काय होतं हे आजतागायत कुणाला माहीत नाही. पुढच्या रविवारपासून शटरबाहेर एक माठ आला. तहानेचं पाणी बाहेर, भेवाचं पाणी आत. आत येताना काका प्रत्येकाला विचारायचे, "तहान भागवून आलात का?"

त्या गिलासातलं पाणी मीही एकदा प्यायले. गोष्टीत एक बैलगाडी होती, पावसात अडकलेली, आणि गाडीत एक बाई कण्हत होती. मी गिलास उचलला. काकांनी गाडी तिथंच सोडली आणि आम्हाला कुठल्याशा पुलावर नेलं. नंतर जिन्यात भेटले, तेव्हा त्यांनी माझ्या खोलीच्या पंख्याचा आवाज येतो का, एवढंच विचारलं. मी का प्यायले ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा या गावात घर मिळाल्यासारखं वाटलं.

बाहेरच्या लोकांना आत काय चालतं ते कळायचं नाही. अर्धवट शटराखालून अर्धवट शब्द जायचे. 'लाईट न्हाई आन् मोटार चालू हाय' हे कुणीतरी ऐकलं आणि आठवड्याभरात बातमी पसरली, की यांनी भरलेल्या मोटारी लाईटबिगर चालतात. दोघं-तिघं घाबरून आपल्या मोटारी अर्ध्या कामातच उचलून घेऊन गेले. काका दोन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी पार जवळा बाजार या गावाहून एक जण टेम्पो करून आला, आजूबाजूला बघून दबक्या आवाजात म्हणाला, "ते लाईटबिगरचं काम आमच्या बी मोटारीला करून द्या. तकलीफ लई हाय लाईटची. बाकी काय आसंल तिच्यात, आमी सांभाळून घेऊ."

हसून हसून काकांना ठसका लागला. तो ठसका थांबला, पण आवाज काही पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हा मी पहिल्यांदा कान टवकारले.

आधी वाटलं, सर्दी असेल. तीन आठवडे गेले. घोगरेपणा जाईना. पाच आठवडे. रविवारी गोष्ट सांगताना मध्येच आवाज तुटायचा आणि काका पेटीतली चेन वाजवून वेळ मारून न्यायचे. बाकीच्यांना वाटायचं, काय कसब! मला दिसत होतं. पूर्वी त्यांनी वीस वर्षं बिड्या ओढलेल्या होत्या. अशा माणसाचा आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला तर काय करायचं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलेलं असतं. घसा आतून दाखवायचा, ताबडतोब.

मी सांगितलं. मी समजावलं. मग मी भांडले. माझा स्वभावच तसा, मला समजावणं फार वेळ जमत नाही. उपकेंद्राच्या भिंतीवरचं तंबाखूचं ते भयंकर पोस्टर काढून आणून मी त्यांच्या टेबलावर आपटलं. "हे बघा! हे व्हायचंय का?"

काकांनी पोस्टर शांतपणे पाहिलं, गुंडाळलं, मला परत दिलं. "तुमी भेव लई लवकर दाखवता, सिस्टर," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आसं न्हाई करत. पहिल्याच मिनटाला दार उघडून दाखवलं तर मानूस उठून जातो."

आणि खरंच उठून गेले. तीन महिने असेच गेले. माझ्या पायाचा आवाज जिन्यात आला की ते ग्राइंडर चालू करायचे. काकूंना विचारलं तर त्या शेंगा निवडत म्हणाल्या, "काई न्हाई होत त्यांना. गरम-गरम पानी पिऊन राहिले ना." मला काकूंचाही राग आला. जगातली प्रत्येक गोष्ट मांजर कशी असेल?

शेवटी मी रफीकभाई आणि ग्रामसेवक साहेबांना उपकेंद्रावर बोलावलं आणि सरळ सांगितलं, की हे कॅन्सरही असू शकतं, नसूही शकतं, पण आणखी थांबलो तर आवाजही जाईल आणि माणूसही. साहेब खुर्चीत खचले. रफीकभाई हातातली टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, "सिस्टर, उनो दूसरों की बात नै सुनते. पन खेल की बात सुनते. उनोकूच बिठाओ ना खेल में."

त्या रविवारी काका शटर ओढून आले, तर त्यांच्या खुर्चीत मी. माझ्यासमोर पेटी, चिंचोके, मध्ये भरलेला गिलास. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा रफीकभाईंकडं पाहिलं आणि निमूट खेळणाऱ्याच्या स्टुलावर बसले. मला वाटतं, त्यांना आयुष्यात कुणी पहिल्यांदाच गोष्ट सांगत होतं.

गोष्ट सांगणं हा माझा पिंड नाही. मी म्हटलं, "तुम्ही एक मेकॅनिक आहात. दुपार आहे. दुकानात एक शेतकरी आलाय." तेवढ्यात साहेब घाईघाईनं म्हणाले, "तो शेतकरी मी." आम्ही तसं ठरवलं होतं. मी पुढं सांगू लागले, "त्याची मोटार बाहेर गाडीवर आहे. चालू आहे, पण आवाज बदललाय. खरखर येते. तुम्ही काय करता?"

काका लगेच म्हणाले, "कान लावतो." त्यांची ती सवय सगळ्या गावाला माहीत होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून ते आत काय बिघडलंय ते सांगायचे.

"खरखर आतून येतेय. किती दिवसांची, ते तुम्हाला ऐकूनच कळतं."

"तीन म्हैन्याची," काका म्हणाले. अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. "उघडावी लागंल."

"उघडू नका," साहेब शेतकरी होऊन म्हणाले. मला वाटलं होतं ते पाठ केल्यासारखं बोलतील, पण गडी रंगला. "चालून राहिली ना? पानी देऊन राहिली ना? उघडल्यावर तुमी शंभर गोष्टी सांगाल. आमाला न्हाई ऐकायच्या."

"आवो, उघडल्याबिगर कळंल कसं? बेअरिंगबी आसंल नुसतं! साधं बेअरिंग, आर्ध्या दिवसाचं काम!" काका तापले. हे भांडण ते रोज गिऱ्हाइकांशी करायचे. "खरखर सुरू झाली तवाच आनायची आसती! तुमी सगळे सारखेच. पार जळल्यावर आन..."

तिथं त्यांचा आवाज तुटला. शब्द अर्धाच राहिला, नुसती हवा बाहेर आली.

बाहेर जीपवाला सेनगाव, सेनगाव ओरडत होता. काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी घाबरले होते, पण मला एकच वाक्य येत होतं, त्यांचंच. "बरं काका. मग तुम्ही काय करता?"

त्यांनी गिलास उचलला आणि पाणी प्यायले.

माझ्या ओठांवर आलं होतं. का? का नाही येत दवाखान्यात? तीन महिने मी हेच ओरडत होते. आणि आता नियमानं तोंड बंद. मला रडू आलं, रागानं आलं. रफीकभाईंनी जगातून उठल्यासारखी मान खाली घातली. काकूंच्या हातातली शेंग फुटली नाही.

मग मी उठले आणि गिलास पुन्हा भरून ठेवला. गोष्ट सांगणाऱ्याचं ते काम असतं.

काकांनी त्या भरलेल्या गिलासाकडं पाहिलं. कुणीही विचारलं नव्हतं, म्हणूनच बहुतेक, ते आपण होऊन बोलले. "माझ्या थोरल्या भावाचा आवाज आसाच बसला व्हता. नांदेडला नेलं. मी बाहेर बाकड्यावर. आत गेला तवा मला म्हनला, आलोच. मंग त्यो आला, पन आवाज न्हाई आला. गळ्यात नळी घातलेली. चार म्हैने खानाखुना करून गेला. शेवटी काय सांगत व्हता, मला कळलं न्हाई. मला मरायचं भेव न्हाई, सिस्टर. आवाज तिथं ठिवून यायचं भेव हाय."

मी बरंच काही म्हणू शकले असते. मी म्हटलं, "उद्या सकाळची जीप. मी सुटी टाकते."

"उद्या?"

"साधं बेअरिंग असलं तर अर्ध्या दिवसाचं काम," मी म्हटलं. ते हसले आणि पुन्हा खोकले.

नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. कसली, ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाले. दोन दिवसांनी भूल देऊन काढली, तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आठ दिवसांनी, आणि तोवर एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

त्या आठ दिवसांतला रविवार मी विसरणार नाही. आम्हाला वाटलं, आज काही नाही. बरोबर दोनला शटर ओढल्याचा आवाज आला. काका गळ्याला मफलर गुंडाळून खुर्चीत. बोलायची बंदी होती, खेळायची नव्हती. त्यांनी पाटीवर खडूनं लिहिलं, 'तुमी घरात हाव.' पुसलं. 'घरात तुमी तिघं.' पुसलं. मग पेटीतून एक गोळी काढून पत्र्यावर ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. आमच्याकडं एकेक करून पाहिलं. आणि अगदी सावकाश चौथी गोळी ठेवली.

रफीकभाई किंचाळून उठले. साहेबांनी "भूत!" म्हणून शब्द टाकला आणि न सांगता स्वतःच बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. इतका घाबरवणारा खेळ काकांनी आवाज होता तेव्हाही केला नव्हता. मी हसत होते आणि मनात म्हणत होते, देवा, याचा आवाज राहू दे.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. त्या रविवारी काकू पोत्यावर बसल्या होत्या, समोर शेंगा होत्या, आणि मांजर आसंल असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. काका मध्ये, मफलरमध्ये. काकू त्यांच्या उजव्या हाताला, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. मी भिंतीला टेकून उभी. टेबलावर पाण्याचा जग आणि डॉक्टरांचा झाकण घातलेला काचेचा ग्लास. डॉक्टर घाईत होते. बाहेर चाळीस माणसं बसलेली. त्यांनी पाकीट फाडलं, कागद उलगडला आणि वाचायला लागले.

काकूंनी हात लांब केला, डॉक्टरांच्या ग्लासावरचं झाकण काढलं आणि त्यातलं पाणी प्यायल्या.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, बाईला तहान लागली. काकांना मात्र कळलं. त्यांनी झटकन पुढं होऊन आपला पंजा डॉक्टरांच्या हातातल्या कागदावर ठेवला. दाबून ठेवला.

"अहो, काय करताय?" डॉक्टर वैतागले.

काकांना बोलायला बंदी होती. ते माझ्याकडं पाहत राहिले. मी म्हटलं, "डॉक्टर, एक मिनिट थांबा. त्या पाणी पीत आहेत."

"पिऊ द्या की! त्याचा काय संबंध?"

"संबंध आहे," मी म्हटलं. "थांबा."

माझा आवाज बहुधा चढला असावा, कारण डॉक्टर थांबले. काकू सावकाश पीत होत्या. ग्लास दातांवर वाजत होता. कधीही न घाबरलेली ही बाई. तीन महिने गरम पाण्याचं सांगत होती ती. मला माझ्या सगळ्या रागाची लाज वाटली. काकांनी तिला का म्हणून विचारलं नाही. हातावर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही. कागदावरचा पंजा न उचलता दुसऱ्या हातानं जग घेतला, आणि तिनं ग्लास खाली ठेवल्यावर तो पुन्हा काठोकाठ भरला.

काकूंनी त्या ग्लासाकडं पाहिलं. पदरानं तोंड पुसलं. "सांगा आता," त्या म्हणाल्या.

काकांनी पंजा उचलला.

"अहो, काही नाहीये," डॉक्टर म्हणाले. "साधी गाठ आहे. आवाजावर ताण देणाऱ्यांना होते, मास्तरांना, गवयांना. कॅन्सर-बिन्सर काही नाही. उद्यापासून हळूहळू बोला. काय करता तुम्ही?"

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच भिंतीला धरून खाली बसले, नर्सच्या नोकरीत असं बसलेलं शोभत नाही, पण बसले. काकांनी डोळे मिटले होते. आणि काकू हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी गळतंय, नाक गळतंय आणि बाई हसतीय. डॉक्टर आमच्याकडं बघत राहिले. तिनं नवऱ्याच्या मफलरला धरून त्याला गदागदा हलवलं.

"मांजर," ती म्हणाली. "आवो, मांजरच निघालं."